एसटीच्या भिंती कोणाच्या?

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या एसटीत बसलेल्या प्रवाशाला वाचायला काय मिळते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? 'विना तिकीट प्रवास करणे गुन्हा आहे', 'शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये', 'धूम्रपान करू नये', 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. यांतील प्रत्येक सूचना आवश्यक आहे, तिच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत जाणाऱ्या तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात लोकांच्या मालकीची गाडी लोकांशी फक्त तंबीच्या भाषेत बोलते, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. तंबीतून जी जागा उरते ती जाहिरातींना दिली जाते. त्यातूनही काही उरलेच तर तेथे सरकारी योजना आणि त्या योजनांसोबत पुढाऱ्यांच्या छब्या असतात. प्रवाशाला गुन्हेगार, गिऱ्हाईक आणि मतदार अशा तिन्ही नात्यांनी ही गाडी ओळखते. माणूस म्हणून मात्र ती त्याला ओळखत नाही.

एसटीच्या प्रत्येक गाडीत, चालकाच्या पाठीमागील फळीवर आणि खिडक्यांच्या वरच्या पट्टीवर, एकदोन कविता लावाव्यात, दर दोन-तीन महिन्यांनी त्या बदलाव्यात, आणि या कामाचा आरंभ नांदेड व लातूर या दोन विभागांतून व्हावा, अशी सूचना या लेखात करावयाची आहे. कार्यकर्त्यांपैकी काहींना हा विषय साहित्यप्रेमींच्या करमणुकीचा वाटेल. प्रस्तुत लेखकाची हयात अर्थशास्त्र शिकविण्यात गेली, आणि त्याला हा प्रश्न मुख्यतः सार्वजनिक मालमत्तेचा वाटतो. लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या गाडीच्या भिंतीवर काय लिहिले जावे हे कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रयोग जगात नवा नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत जानेवारी १९८६ मध्ये ज्यूडिथ चेर्नैक या लेखिकेच्या पुढाकाराने, जेरार्ड बेन्सन आणि सिसिली हर्बर्ट या कवींच्या साहाय्याने, डब्यांतील जाहिरातींच्या चौकटींत कविता लावण्यास सुरुवात झाली. तो उपक्रम अनेक सरकारे आली-गेली तरी टिकून राहिला. न्यूयॉर्कने १९९२ साली त्याच धर्तीवर आपल्या गाड्यांतून कविता लावल्या. पण आपल्याला इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. १९६७ साली तामिळनाडूत अण्णादुरै यांच्या नेतृत्वाखाली द्रविड मुन्नेत्र कळघमचे सरकार आले. त्या राजवटीत सरकारी बसगाड्यांतून तिरुक्कुरळमधील द्विपदी लिहिण्याची प्रथा पडली. त्या ग्रंथात १,३३० द्विपदी आहेत. प्रत्येक दोन ओळींची, म्हणजे गाडीच्या पट्टीसाठी मापून घेतल्यासारखी. तेथे शेतमजूर, शिक्षक, कारकून सारेच त्या ओळींखाली बसून प्रवास करीत आले. आपल्या भाषेची थोरवी केवळ विद्यापीठात राहू नये, ती तिकीट काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावी, असे त्या चळवळीला वाटले, आणि तिने सत्ता हाती येताच ते करून दाखविले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याकडे त्याचे समारंभ झाले. परंतु एसटीच्या साध्या गाडीत बसणाऱ्याला या दर्जातून काय मिळाले, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

वस्तुतः कविता आणि प्रवास यांचे नाते मराठवाड्याला कोणी शिकवावे लागत नाही. नामदेवांचे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यात. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंड्यांनी ही कविता शतकानुशतके पायी वाहून नेली. जो चालला त्याने ती म्हटली. लिहिता-वाचता येण्याची अट तिने घातली नाही. नामदेवांची कविता तर पंजाबपर्यंत गेली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला आणि ग्रंथालाच गुरुपद दिले. नरसीहून निघालेली कविता पंजाब फिरून, गुरू होऊन, नरसीपासून जवळच असलेल्या नांदेडला परतली. तिचे हे सारे येणे-जाणे सामान्य यात्रेकरूंच्या पायांवर झाले. दिंडीची वाट पुढे एसटीने घेतली. माणसे तीच, गावे तीच. पण गाडीत बसल्यावर कविता मात्र खाली उतरली.

आमच्या भागातील सार्वजनिक वाहतुकीचा इतिहासही या संदर्भात आठवावा. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. सार्वजनिक मालकीच्या प्रवासी वाहतुकीचा तो देशातील अगदी आरंभीचा प्रयत्न होता. राजवट सरंजामी होती, तरी वाहतूक खासगी नफ्यावर सोडू नये इतके तिला कळले होते. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि येथील वाहतूकही पुढे एसटीत सामावली. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद एसटीने स्वीकारले. या ब्रीदातील 'हित' हा शब्द आपण वेळापत्रक, भाडे आणि सवलती यांनी मोजतो, आणि ते योग्यच आहे. 'सुख' या शब्दाचा हिशेब मात्र आजवर कोणी मागितलेला नाही.

आता अलीकडच्या दोन घटना पाहा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. अपुरे आणि वेळेवर न मिळणारे वेतन, त्यातून झालेल्या कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या, आणि महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे ही मागणी अशी त्याची पार्श्वभूमी होती. कित्येक महिने खेड्यांतील गाड्या बंद राहिल्या. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना कामावर परतण्यासाठी अखेर २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिली. नेमक्या त्याच दिवशी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. एका बाजूला मंडप, ग्रंथदिंडी, कविसंमेलने; दुसऱ्या बाजूला त्याच तालुक्यातील खेड्यांचे थांबे, ज्यांवर अर्धे वर्ष गाडी आलेली नव्हती. यात संमेलनाच्या संयोजकांचा दोष नाही. पण ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपले साहित्य आणि आपली एसटी एकाच जनतेच्या नावाने चालतात आणि एकमेकींना ओळखतही नाहीत, हे त्या दिवशी दिसले.

दुसरी घटना फेब्रुवारी २०२५ मधील. दिल्लीत भरलेल्या ९८ व्या संमेलनासाठी पुण्याहून खास रेल्वेगाडी सोडण्यात आली, आणि धावत्या गाडीत साहित्याचे कार्यक्रम झाले. कल्पना चांगलीच होती. तथापि त्या गाडीचे प्रवासी साहित्यिक आणि साहित्यरसिकच होते. कवी प्रवासाला निघाले. कविता प्रवाशापर्यंत पोहोचायची राहिलीच. त्या संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर यांनी आयुष्यभर लोकसाहित्याचा, विशेषतः स्त्रियांच्या परंपरेचा अभ्यास केला, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते.

या सूचनेचे अर्थकारण सोपे आहे. महामंडळाच्या गाड्या ढोबळमानाने पंधरा हजार धरल्या आणि प्रत्येकीत दोन फलक लावले, तर तीस हजार फलक लागतील. गाडीच्या किमतीच्या, डिझेलच्या किंवा एका टायरजोडीच्या खर्चापुढे छापील फलकाचा खर्च नगण्य आहे. भाकरी एकाने खाल्ली की ती दुसऱ्याला उरत नाही. कवितेचे तसे नाही. चव्वेचाळीस जणांनी वाचली तरी पंचेचाळिसाव्यासाठी ती पूर्णच्या पूर्ण शिल्लक असते. अशा वस्तूला बाजारात किंमत मिळत नाही, म्हणून बाजार ती पुरवीत नाही. म्हणूनच ती सार्वजनिक संस्थेने पुरवावयाची असते. जाहिरातीचे उत्पन्न बुडेल असे कोणी म्हणेल. बुडणारी रक्कम दोन चौकटींपुरतीच असेल. शिवाय एसटीच्या प्रवाशाने वर्षानुवर्षे आपल्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला दिलेला आहे. त्याच्या डोळ्यांपुढची दोन चौकटींची जागा विकून महामंडळाचा तोटा भरून निघणार आहे, असे मानणे हा हिशेब नव्हे.

पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल. मराठवाड्यात पाणी नाही, रोजगार नाही, शेतकरी आत्महत्या करीत आहेत, आणि तुम्ही बसमध्ये कविता लावण्याचे काय सांगता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ज्या जिल्ह्याने पाहिले आहे त्याला प्राधान्यक्रम कोणी शिकवू नये. परंतु 'आधी भाकरी, मग कविता' हा क्रम गरिबांनी स्वतः कधीच पाळलेला नाही. जात्यावर बसलेल्या स्त्रीने दळण आणि ओवी एकाच वेळी केली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक स्त्रियांची पोटे भरलेली नव्हती. शाहीर अमर शेख बार्शीचे. गरिबीपायी मोटारीवर क्लीनरचे काम केलेला हा माणूस. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, आणि तेच १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कविता ही पोट भरल्यावर घ्यावयाची विड्याची पाने आहेत, ही समजूत पोट भरलेल्यांची आहे. ती आपण त्यांच्याकडून उसनी घेण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, फलकाकडे पाहणार कोण? मोबाइलवर काय दिसावे हे कंपनी ठरवते, आणि ते ठरविताना तुम्ही काय विकत घ्याल, कशाने चिडाल, याचा अंदाज घेते. गाडीतील फलकाला प्रवाशाची जात, खिसा किंवा पक्ष ठाऊक नसतो. निलंग्याच्या बाजाराला निघालेली बाई, लातूरच्या शिकवणी वर्गाला जाणारा मुलगा आणि देगलूरचा निवृत्त पोस्टमन यांच्यासमोर तो एकच मजकूर ठेवतो. आजच्या काळात तीन अनोळखी माणसांनी एकच गोष्ट एका वेळी वाचण्याचे प्रसंग फार कमी उरले आहेत. लातूरच्या त्या मुलाचा विचार तर आवर्जून करावा. 'लातूर पॅटर्न'ने त्याला गुण मिळविण्याचे तंत्र शिकविले; ज्या ओळीवर प्रश्न येणार नाही अशी ओळ वाचण्याची मुभा त्याला कोणी दिली नाही. ती मुभा त्याला एसटीत मिळो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, हा तिसरा प्रश्न. त्यांच्यासाठी शेजारचा वाचून दाखवील. आपल्याकडे पत्र, सातबारा आणि वर्तमानपत्र आजही असेच वाचले जाते. गावागावांतील शाळकरी मुलींना पासाच्या सवलतीमुळे एसटीने शिकायला जाता येऊ लागले, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट लागते. माय आणि लेक एका बाकावर बसून प्रवास करीत असतील, तर लेकीने आईला कविता वाचून दाखविणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. ती ओवीच असली तर आईच लेकीला पुढच्या चार ओळी सांगेल.

खरा धोका या आक्षेपांत नाही, तो वेगळ्याच ठिकाणी आहे. ही कल्पना सरकारला आवडली तर ती कोणत्या रूपात अमलात येईल? आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, सार्वजनिक जागा शिस्तीच्या घोषणांनी आणि वीस कलमी कार्यक्रमाच्या फलकांनी भरून गेल्या होत्या, हे आपल्या पिढीला विसरता येण्यासारखे नाही. कवितेच्या खाली मंत्र्याची छबी आली की ती कविता राहत नाही, तिचे पत्रक होते. म्हणून पहिली अट अशी हवी की फलकावर कविता आणि कवीचे नाव यांखेरीज काहीही असता कामा नये. शुभेच्छुक नको, प्रायोजक नको, आणि आपल्या पक्षाचेही नाव नको.

दुसरी अट निवडीची. निवड चारदोन प्रतिष्ठितांच्या समितीवर सोपविली तर मराठवाड्यातील गाडीत पुण्या-मुंबईच्या आवडीची कविता लागेल, आणि तीही कोणाला न बोचणारी. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर १९७८ साली मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे गुदरले, ते नांदेड जिल्ह्याने पाहिले आहे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, पण त्या सोळा वर्षांत जी कविता येथे जन्मली तिला गाडीत जागा मिळणार नसेल तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. संतकविता हवीच, बी. रघुनाथ (१९१३–१९५३) हवेत, ओव्या हव्यात, त्याबरोबर आंबेडकरी जलशांची परंपराही हवी. हा प्रदेश एकभाषी नाही, हेही विसरू नये. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यांवर बंजारा बोली, आणि नांदेड शहरात उर्दू. दखनीची काव्यपरंपरा तर याच मातीतली. निजामी राजवटीत उर्दू राज्यकर्त्यांची भाषा होती म्हणून तिच्यावर राग धरणाऱ्यांनी हे पाहावे की आज ती विणकर, गवंडी आणि रिक्षावाल्यांची भाषा आहे. मूळ लिपी आणि शेजारी मराठी अर्थ, अशा रीतीने या भाषांच्या कविता लावता येतील. दोन समाज एकमेकांच्या वस्तीतून जाईनासे झाले असताना एकाच गाडीत एकमेकांची कविता वाचतील, तर ते काम कित्येक सद्भावना सभांपेक्षा मोलाचे ठरेल.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. मोडक्या खिडकीची, गळक्या छपराची, वेळेवर न येणारी गाडी कवितेने सजविण्याला आपण कधीही मान्यता देऊ नये. लंडनमध्ये कविता लागल्या ते १९८६ साल होते, आणि त्याच वर्षी मार्चअखेर थॅचर सरकारने त्या शहराची लोकनियुक्त ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त केली. कवितेने सार्वजनिक सत्तेचे संरक्षण होत नाही, हा त्याचा धडा आहे. संरक्षण लोकांनाच करावे लागते. पण ज्या गाडीशी आपले तिकिटापलीकडे काही नाते आहे तिच्यासाठी माणूस भांडायला उभा राहतो. एसटी ही केवळ तोट्यातली एक सेवा आहे, असे लोकांच्या मनात भरविले गेले की ती विकणे सोपे जाते. ती आपल्या गावची, आपल्या बोलीची, आपल्या आजीच्या ओवीची गाडी आहे, असे वाटले तर विकणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो. म्हणून कवितेची मागणी आणि गाडीची मागणी एकाच निवेदनात, एकीखाली एक, लिहिली गेली पाहिजे. मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू करा, शाळेच्या वेळेला फेरी द्या, कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर करा, आणि गाडीत कविता लावा.

आता कार्यकर्त्यांनी करावयाच्या कामाविषयी. नांदेड व लातूर विभागांच्या नियंत्रकांकडे निवेदन देऊन आरंभी एकाच मार्गावरील, म्हणजे नांदेड–लातूर मार्गावरील गाड्यांत तीन महिने प्रयोग करण्याची परवानगी मागावी. कविता आठ-दहा ओळींहून मोठी नसावी. अक्षर इतके ठळक असावे की चालत्या गाडीत, उभ्याने प्रवास करणाऱ्यालाही तीन हातांवरून वाचता यावे. मृत्यूनंतर साठ वर्षे कवीचा हक्क कायद्याने त्याच्या वारसांकडे असतो, तेव्हा त्यांची लेखी संमती घ्यावी. हयात कवीला, मग तो कितीही नवखा असो, मानधन द्यावे. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने कवितेचे श्रम फुकट घेऊ नयेत. निवडीसाठी शिक्षक, ग्रंथपाल, महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि वाहक-चालक यांचे मंडळ असावे. त्यात वाहकांचा आवाज शेवटचा मानावा. प्रवाशाचा चेहरा रोज पाहणारा तोच आहे. तीन महिन्यांनी प्रवाशांनाच विचारावे की कोणती ठेवू आणि कोणती काढू.

यासाठी कायद्यात बदल नको, मोठी तरतूद नको, कोणाच्या कृपेची वाट पाहण्याचीही गरज नाही. हवे आहे ते एवढेच की, लोकांच्या मालकीच्या भिंतीवर लोकांचा हक्क आहे हे आपण आधी स्वतः मानावे, आणि मग आगाराच्या दारात जाऊन ते सांगावे. पुढील मासिक बैठकीत अहमदपूर, कंधार, उदगीर आणि मुखेड येथील साथींनी हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे.